रविवारी चारचा सौदा

रंगीत कागदांच्या दुकानात सुट्या पैशांची वाट बघत काउंटरपाशी उभं असताना कंडक्टरांची नजर त्या बरणीवर गेली, ती अगदी सहज. रुंद तोंडाची काचेची बरणी, आत काळेभोर गुळगुळीत दगड, आणि प्रत्येक दगडाच्या कमरेभोवती एक पांढरी रेघ. असाच एक दगड गेल्या महिन्यापासून त्यांच्या उशाजवळच्या स्टुलावर होता. शाळेमागच्या नळापाशी चिखलात रुतलेला, वर पाल बसलेली, आणि ती पाल हलेपर्यंत त्यांची नात अख्खी मधली सुट्टी ताटकळत उभी राहिलेली, असा तो दगड. जगात एकच. इथे बरणीत तसे साठ-सत्तर सहज होते. शेजारच्या बरणीत मधाच्या रंगाचे पिळदार शंख होते, तिच्या पलीकडे पंख असलेल्या बिया, आणि दोऱ्याने जुड्या बांधून ठेवलेली निळी पिसं. कंडक्टरांनी एकेकाला ओळखलं. हा परीक्षेच्या आदल्या रविवारचा शंख. ही तिला ताप होता तेव्हाची बी. हे पीस त्यांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं. ते इथे आले होते ते या सगळ्या खजिन्यासाठी एक खणांची पेटी घ्यायला, कारण जुन्या तिकिटांच्या पेटीत आता जागा उरली नव्हती.

"हवेत का काका?" दुकानाच्या बाईंनी सुटे मोजता मोजता विचारलं. "एकेक सुटं पण देते मी. मुलांना शाळेत लागतं."

"कुठून येतात हे?"

"पोत्यातून," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "घाऊकवाला आणून टाकतो. कुठल्या नदीतले, कुठल्या समुद्रातले, त्यालाच माहीत. पॉलिश बघा ना कसं केलंय. एक मुलगी येते दर शनिवारी आईबरोबर, दोन वेण्या, पुढचा दात पडलाय. एकच वस्तू नेते, पण निवडायला अर्धा तास! आजोबांना द्यायचंय म्हणते. लग्नाला मुलगा बघताना कुणी एवढी चिकित्सा करत नसेल."

"असेल," कंडक्टर म्हणाले, आणि पेटी बगलेत मारून बाहेर पडले. सुटे पैसे त्यांनी न बघताच खिशात टाकले, हे त्यांच्या लक्षात आलं ते रस्ता ओलांडल्यावर, आणि त्याचंही त्यांना नवल वाटलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना कंडक्टरच म्हणे, दवाखान्यातला डॉक्टरसुद्धा, आणि सुटे न मोजता खिशात टाकणारा कंडक्टर म्हणजे जिभेला चव नसलेला आचारी. त्यांना वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. आधी कान तापले. मग तळहात. वाईट वाटणं हे पुढे कधीतरी, सावकाश येणार होतं, घरी पोचल्यावर, खुर्चीत टेकल्यावर. रस्त्यात होता तो नुसता जुना, ओळखीचा ताप. आठ वर्षांची पोर. तोंडात धड दात नाहीत, आणि थाप मारताना पापणी लवत नाही. पाल म्हणे. पाल बसली होती म्हणे! आणि आपण विचारलं, कुठल्या रंगाची? तर ती विचार करून म्हणाली, आधी करडी होती, मग मला बघून जरा पिवळी झाली. तो 'जरा' आठवून त्यांना सगळ्यात जास्त लागलं. एवढं बारीक काम माणूस उगाच करत नाही.

रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबाशी ते क्षणभर थांबले. पाय फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून. एकतीस वर्षं हलत्या जमिनीवर उभं राहिलेल्या माणसाचं उभं राहणं ते. या सौद्यांची सुरुवात अगदी साधी होती. वर्षभरापूर्वी, रविवारी दुपारी मुलगा आणि सूनबाई आठवड्याचं सामान आणायला जात, तेव्हा नात यांच्या ताब्यात असे. घरात तिला सगळे खारू म्हणत, कारण तिच्या दप्तरात, खिशात, मोज्यातसुद्धा काही ना काही साठवलेलं सापडे. त्या दुपारी तिने मातीने भरलेला गोगलगायीचा शंख पुढे करून विचारलं होतं, "आबा, याचं काय द्याल?" आणि कंडक्टरांनी थट्टेथट्टेत खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डब्यातून मधोमध भोक असलेलं एक परदेशी नाणं काढून दिलं होतं. मग नियम ठरत गेले. रविवारी चार वाजता, बाल्कनीतल्या स्टुलावर. दोघांनी मुठी झाकून यायचं. एक, दोन, तीन म्हटलं की मुठी उघडायच्या. मग आपापल्या वस्तूची गोष्ट सांगायची, ती कुठून आली, कशी आली. गोष्टीशिवाय सौदा नाही. आणि दोघांना पटलं की स्टुलावर दोन टिचक्या मारायच्या, टिंग टिंग. डबल बेल. डबल बेल झाली की गाडी सुटली, मग कुणी धावत आलं तरी थांबायचं नाही. पहिल्या पहिल्या वस्तूंना वास असे. ओल्या पानाचा, गटाराचा, कधी तिच्या तळहाताच्या घामाचा. एका शेंगेतून तर मुंग्या निघाल्या होत्या आणि दोघांनी मिळून चादर झटकली होती. त्यानंतर कधीतरी, सहा-सात महिन्यांपूर्वी, वस्तू सुंदर व्हायला लागल्या. कंडक्टरांना वाटलं होतं, पोरीची नजर तयार झाली. बागेतल्या बाकावरच्या मंडळींना त्यांनी शंख नेऊन दाखवला होता. "नजर लागते हो याला," ते म्हणाले होते, "हजार दगडांत एक उचलते." मंडळींनी शंख हातोहात फिरवला होता, आणि त्यांतला एक जण मिशीत हसला होता तो का, हे त्यांना आत्ता, या खांबाशी कळलं.

घर आलं, पण ते वर गेले नाहीत. खालच्या पायरीवर बसले, पेटी मांडीवर घेऊन. वाईट वाटणं आता येऊन पोचलं होतं. फसवणूक त्यांना नवी नव्हती. फसवणुकीवर त्यांचा हात बसलेला होता म्हणा ना. गोळ्यांच्या डब्यात जी चाळीस-पंचेचाळीस नाणी होती ती सगळी कुणी ना कुणी गर्दीत त्यांच्या माथी मारलेली होती. परदेशी, झिजून गुळगुळीत झालेली, कड कातरलेली, दोन तर चक्क लोखंडी वायसर. कंडक्टरच्या तळहातावर दिवसाला हजार हात येतात. चेहरा कोण बघतो? एक पाय फुटबोर्डवर, एक डोळा मागच्या दारावर, हातात कुणाचं तरी नाणं, आणि संध्याकाळी डेपोच्या खिडकीत रोकडवाला मोजता मोजता एका बोटाने एखादं नाणं तुमच्याकडे परत सरकवतो. बोलत काही नाही. नुसतं बोट. तेवढी रक्कम मग तुमच्या पदरची. दुसऱ्या दिवशी ते नाणं गर्दीत दुसऱ्या कुणाला खपवता येतं, सगळे खपवत. कंडक्टरांनी ते कधी केलं नाही. का केलं नाही हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सज्जनपणा होताच, पण एक प्रकारचा माजही होता. नाणी घरी येत आणि डब्यात पडत. बायको होती तोवर म्हणायची, "लोक बक्षिसं मांडून ठेवतात, तुम्ही फसल्याचं प्रदर्शन मांडा." पण खारूला यातलं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. नातीपुढे एकतीस वर्षं फसलेला माणूस म्हणून कोण उभा राहील? तिला सांगितल्या त्या वेगळ्या गोष्टी. एक म्हातारी धावत येत होती, मी तिच्यासाठी बस थांबवली, तिने डोळ्यांत पाणी आणून हे नाणं दिलं. एका खलाशाची पिशवी राहिली होती, ती मी डेपोत जपून ठेवली, तर तो बोटीवरून परत आला आणि हे देऊन गेला. प्रत्येक चोराचा त्यांनी कृतज्ञ प्रवासी करून टाकला होता. एवढे कृतज्ञ प्रवासी खरोखरीच असते तर त्यांच्यासाठी वेगळी बस काढावी लागली असती. आणि शेवटी दर वेळी ठरलेलं वाक्य: "जपून ठेव हो. फार मोलाचं आहे."

म्हणजे आपणही थापाच मारल्या की, असा एक विचार पायरीवर बसल्या बसल्या त्यांच्या अंगावर आला, आणि त्यांनी तो माशी हाकलावी तसा हाकलला. त्या थापा वेगळ्या. त्यांत माया होती. तिने दुकानात उभं राहून, अर्धा तास निवडून, आईच्या पाकिटातून पैसे मोजून थाप विकत आणली. आणि आज! नेमकं आजच कळावं हे! कारण डब्यात आता एकच नाणं उरलं होतं, आणि त्याची गोष्ट आज ते खरी सांगणार होते. सकाळपासून मनाशी वाक्यं जुळवत होते. ते शिशाचं होतं, मोठं, वरून चांदीसारखा मुलामा दिलेलं, कुणीतरी घरी बसून केलेलं. चाळीस-पंचेचाळीस नाण्यांत ते एकच असं होतं, की देणारा कोण हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा ड्रायव्हर. अकरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. शेवटच्या थांब्यावर गाडी लावून, मागच्या सीटवर डबे उघडून, एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवत. एकदा हात धुता धुता ड्रायव्हर म्हणाला, "मोठं नाणं आहे माझ्याकडे, सुटे दे ना, घरी फोन करायचाय." दिले. त्या दिवशी तेवढं एकच मोठं नाणं गल्ल्यात होतं, आणि संध्याकाळी खिडकीतून तेच परत सरकत आलं, काठाला मुलामा उडून आतलं करडं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी कंडक्टर गाडीत चढले तेव्हा ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात त्यांना त्याचे डोळे दिसले. ते डोळे यांची वाटच बघत होते. क्षणभर दोघं आरशात एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग कंडक्टरांनी दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. गाडी सुटली. त्यानंतर आणखी चार वर्षं ते बरोबर होते, बरोबर जेवले, आणि त्या नाण्याचा विषय एकदाही निघाला नाही. त्यांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. माणसाला कुठेतरी एकदा खरं बोलावंसं वाटतं, आणि सत्तरीला आलेल्या माणसाने त्यासाठी आठ वर्षांची नात निवडली, यात काही चुकलं असं त्यांना सकाळपर्यंत वाटलं नव्हतं.

वर गेले तेव्हा सूनबाई कपड्यांच्या घड्या करत होती. "आलात बाबा? अहो, कधीची घड्याळ बघतेय ती. आज एकदम भारी काहीतरी सापडलंय हं तिला," ती म्हणाली, आणि 'सापडलंय' म्हणताना तिने उशीचा अभ्रा झटकला. आवाज अगदी गोड होता. आजाऱ्याशी बोलतात तसा. कंडक्टरांना आठवलं, तिकीट चुकवणाऱ्या माणसाबरोबर दुसरं एक माणूस असतं, ते नेहमी खिडकीबाहेर बघत असतं. ते सरळ आत गेले, डब्यातून नाणं काढलं आणि मूठ झाकली. नाणं जड होतं, आणि लगेचच गरम झालं.

खारू स्टुलापाशी बसली होती, मूठ पाठीमागे. "एक, दोन, तीन," तिनेच म्हटलं. तिच्या तळहातावर एक फिक्कट शंख होता, आतून गुलाबी, टोकाशी बारीक भोक. ते भोक सुईने नव्हे तर यंत्राने पाडलेलं होतं, कडा इतकी स्वच्छ, की असलं काही आपल्याला एवढे दिवस दिसलं कसं नाही याची कंडक्टरांना लाज वाटली. "बागेत ते मोठं झाड आहे ना," ती सांगू लागली, "त्याच्या मुळांमध्ये एक बीळ आहे. मी हात घातला तर आधी काहीच नव्हतं. मग मी पुन्हा घातला." ती नेहमीपेक्षा थोडं भरभर बोलत होती आणि त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होती. कंडक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत जो चेहरा बघायचा राहून गेला होता तो हा. नाणं हातावर टेकवून गर्दीत दुसरीकडेच बघणारा, उगाच काहीतरी विचारणारा, पुढचा थांबा कुठला हो म्हणणारा. तो चेहरा कसा असेल याचा त्यांनी कितीदा विचार केला होता, आणि त्याला दोन वेण्या असतील, पडलेल्या दाताच्या जागी नवा दात अर्धा आलेला असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"नक्की बिळात होता?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटत होतं, आत्ता म्हणेल. एक संधी द्यावी माणसाला.

"नक्की."

"शपथ?"

"गळ्याची शपथ."

"खारू, मी आज त्या दुकानात गेलो होतो. रंगीत कागदांच्या."

ती रडेल, आईकडे पळेल, निदान लाल होईल, अशी त्यांची तयारी होती. तिने शंख स्टुलावर ठेवला. मग पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "तुमची नाणीसुद्धा चालत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"मी देऊन पाहिली ना. मला चमकणारे स्केचपेन हवे होते. तुम्ही म्हणायचात फार मोलाचं आहे, म्हणून मी तीनच नेली, जास्त नको म्हणून. काकूंनी उलटी करून पाहिली आणि परत दिली. म्हणाल्या, बाळ, ही कुठेच चालत नाहीत. माझ्या मागे दोन मोठ्या मुली होत्या, त्या हसल्या." ती एकसुरात सांगत होती, पाढे म्हणावेत तसं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल. कुणीतरी तुम्हाला फसवलं असेल. मला इतकं वाईट वाटलं तुमचं. मी रात्री आईला विचारलं, आबांना सांगू का? तर आई म्हणाली, आबांना माहीत आहे गं, ते कंडक्टर होते."

बाल्कनीच्या कठड्याला कंडक्टरांनी हात लावला. घर हललं नव्हतं, त्यांना तसं वाटलं. ती काउंटरपाशी टाचा उंच करून उभी, तीन नाणी तळहातावर, आणि ती परत सरकवणारं बोट. ते बोट त्यांना पाठ होतं. एकतीस वर्षं साठवलेलं सगळं, जे त्यांनी जगात कुणालाही दिलं नाही, ते त्यांनी एकाच गिऱ्हाइकाला खपवलं होतं, जे कधी उलटं करून बघणार नाही त्याला. माज कसला, सज्जनपणा कसला. आणि त्यातही, लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, राग गेला नव्हता. तो तसाच होता. तिने तेव्हाच येऊन सांगायचं होतं. सहा महिने ती आरशातून बघत राहिली होती.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"आई म्हणाली, आबांना बरं वाटतं, खेळत जा." तिने खांदे उडवले. "पण खरं शोधायला खूप वेळ लागतो आबा. गुडघे खरचटतात. खोट्यासाठी कशाला शोधायचं? म्हणून मी दुकानातलं आणते." आणि हात पुढे केला. "द्या ना आता."

"काय?"

"नाणं. आजचं. शंख दिलाय मी."

"चालत नाही ते, खारू."

"माहितेय. शाळेत एक मुलगी आहे, पहिलीतली. तिला अजून माहीत नाही. ती मला एकाचे दोन खोडरबर देते, वासाचे, खरे." तिने पाय आखडून घेतले आणि नीट मांडी घातली, नेहमी गोष्ट ऐकताना घालायची तशी. "पण गोष्ट पण सांगा. गोष्टीशिवाय ती घेत नाही."

कंडक्टरांनी मूठ उघडली. तळहातावर काठाचा करडा वण उठला होता. देऊ नये, एवढं त्यांना स्पष्ट कळत होतं. आत जाऊन नाणं कुठेतरी फेकून द्यावं, हिला जवळ घ्यावं, माफी मागावी, ओरडावं, काहीतरी करावं. पण ती समोर मांडी घालून बसली होती, आणि आज 'नाही' म्हटलं की पुढच्या रविवारी ती बसणार नव्हती. शिवाय हे एवढं एकच त्यांना खरं सांगायचं होतं.

"माझा एक मित्र होता," ते म्हणाले. "आमच्याच गाडीवरचा ड्रायव्हर. त्याने मला हे दिलं. फसवून."

खारूने मान हलवली. "असं नको आबा. मित्र कशाला फसवेल? तिला पटणारच नाही. बक्षीस दिलं म्हणा, तुमचं नेहमी असतं तसं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी त्याला अजून ये, अजून ये म्हणत होतं.

"बरं," कंडक्टर म्हणाले. "बक्षीस दिलं."

"कशाबद्दल?"

त्यांनी नाणं उलटं करून पाहिलं. तिने घाई केली नाही.

"गप्प बसलो म्हणून," ते म्हणाले.

खारूने ते मनाशी एकदा म्हणून पाहिलं, ओठ हलवून. "हां, हे घेईल ती," ती म्हणाली, आणि त्यांच्या तळहातावरून तिने नाणं उचललं.